जशी आहे तशी

डेहराडून शहराच्या कडेला, जिथे लिचीच्या बागा संपून घरांचे भूखंड सुरू होतात, तिथल्या एका जुन्या बागेच्या पत्र्याच्या शेडमध्ये साठहून अधिक वर्षांची एक जीप विक्रीसाठी उभी आहे. मालकाने दिलेली जाहिरात जेमतेम दोन ओळींची आहे : ‘हाय बॉनेट, १९६४. मूळ पेट्रोल इंजिन, मूळ कागद. रंग दिलेला नाही. जशी आहे तशी.’

हे शेवटचे तीन शब्द आपल्याकडे सरकारी लिलावांच्या अटींमधून आले आहेत. सरकारी खाते निकामी झालेली वाहने ‘जशी आहेत तशी, जिथे आहेत तिथे’ विकते तेव्हा त्याचा अर्थ असतो, नंतर तक्रार चालणार नाही. काही वर्षांपूर्वी खासगी विक्रेत्यानेही हे शब्द खालच्या आवाजातच उच्चारले असते आणि गिऱ्हाईक येण्याआधी घाईघाईने एक हात रंगाचा मारून घेतला असता. आज तोच विक्रेता ‘रंग दिलेला नाही’ हे गुण म्हणून सांगतो आणि त्या गुणाचे पैसेही मागतो. जुन्या वाहनांच्या छोट्याशा बाजारातला हा बदल केवळ हौशी मंडळींचा लहरीपणा म्हणून सोडून देता येईल. पण जुन्या वस्तूचे मोल कसे ठरवायचे, हा प्रश्न आता नियमांच्या पुस्तकातही शिरला आहे, आणि तिथे त्याचे उत्तर फारसे समाधानकारक नाही.

आधी जीपविषयी. ‘हाय बॉनेट’ हे आपल्या देशातल्या मिस्त्रींनी दिलेले नाव. महायुद्धातल्या जीपचे बॉनेट बुटके होते, म्हणून ती ‘लो बॉनेट’. पुढे विलीज कंपनीने ‘हरिकेन’ नावाचे नवे इंजिन काढले. त्याची उंची जास्त, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच उचलले गेले. सौंदर्यदृष्टीने पाहिले तर ही तडजोड जरा बेढबच होती; पण सीजे-३बी या कारखान्यातल्या नावाने ओळखली जाणारी ही गाडी भारताने जितक्या आपुलकीने स्वीकारली तितकी फार थोड्या देशांनी स्वीकारली असेल. महिंद्राने १९४९ मध्ये ७५ जीप सुट्या भागांच्या स्वरूपात आणून मुंबईत माझगावला जोडल्या, तिथून ही कथा सुरू होते. पुढे त्या इथेच तयार होऊ लागल्या. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप हे ग्रामीण भारताला दिसणारे सरकारचे पहिले रूप ठरले. रस्ता जिथे संपतो तिथे पुढची चाकेही जोडून घेणारा एक दांडा ओढायचा, दुसऱ्या दांड्याने गती उतरवून जोर वाढवायचा आणि ओढ्यात गाडी घालायची. देवीच्या लसी, मतपेट्या आणि जमीन मोजणीचे सामान अशाच गाड्यांतून वाड्यावस्त्यांवर पोहोचले.

शेडमधल्या गाडीला हा इतिहास अंगावर लिहिल्यासारखा आहे. हिरवा रंग बॉनेटच्या उजव्या कडेला पार उडून खालचा पत्रा गुळगुळीत झाला आहे. तिथे हात टेकून दोन पिढ्यांनी इंजिनात वाकून पाहिले असणार. स्टिअरिंगवर अंगठ्यांच्या दोन खुणा आहेत. मागच्या फळीवर ओरखड्यांच्या समांतर रेघा आहेत, त्या लिचीच्या पेट्यांच्या. डाव्या पावलाजवळच्या पत्र्याला गंज लागून भोक पडले होते, तिथे कुणीतरी ठिगळ वेल्ड केले आहे आणि ते लपवण्याचा जराही प्रयत्न केलेला नाही. नोंदणी क्रमांक जुन्या धाटणीचा, तीन अक्षरांचा. नोंदणी झाली तेव्हा आज ही गाडी जिथे उभी आहे ते उत्तराखंड राज्य अस्तित्वातही नव्हते.

जाणकार खरेदीदार या दृश्यावर भाळतो त्यात स्मरणरंजनाचा भाग असतोच, पण मुख्य कारण बरेच व्यावहारिक आहे. नव्याने रंगवलेल्या जुन्या गाडीच्या आत काय आहे ते कळत नाही. रंगाखाली लांबी किती भरली आहे, चासी कुठे जोडली आहे, पत्रा मूळचा की परवा ठोकून आणलेला, हे सगळे चकचकीतपणाआड जाते. आपल्याकडे ‘पुनरुज्जीवित’ म्हणून विकली जाणारी बरीच जीप तीन गाड्यांच्या अवशेषांतून उभी केलेली असते : एकीची चासी, दुसरीचे इंजिन, तिसरीचे कागद. पश्चिम बंगालमधल्या पानागढचा बाजार तर लष्कराने मोडीत काढलेल्या वाहनांवर आणि त्यांच्या सुट्या भागांवरच उभा राहिला. त्यात गैर काही नाही. कित्येक गाड्या त्यामुळेच धावत राहिल्या. पण अशा बाजारात ज्या गाडीच्या चासीवर ठोकलेला क्रमांक आणि नोंदणी पुस्तकातला क्रमांक एकच आहे आणि जिचा गंज उघड्यावर आहे, ती गाडी एक दुर्मीळ गोष्ट देते. ती पुरावा देते. हा धडा आपल्या देशाने फार लवकर आणि फार महागात घेतला होता, हे या निमित्ताने आठवते. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये लढाई सुरू असताना लंडनमधील उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी जीपचा जो करार केला तो ‘नव्यासारख्या केलेल्या’ जुन्या गाड्यांचा होता. १५५ गाड्या आल्या आणि लष्कराने त्या वापरण्याजोग्या नाहीत असे सांगितले. स्वतंत्र भारतातील पहिला संरक्षण घोटाळा म्हणून गाजलेले हे प्रकरण सरकारने १९५५ मध्ये मिटवून टाकले.

तेव्हा मूळ स्थितीतल्या वस्तूवर कायद्याने विश्वास ठेवावा, हे रास्तच. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये केलेली दुरुस्ती नेमके तेच करते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटली आहेत, वापर वैयक्तिक आणि बिगरव्यावसायिक आहे, आणि चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नाही, अशा दुचाकी वा चारचाकीला ‘व्हिंटेज’ दर्जा मिळतो. नव्याने नोंदणी करायची तर शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे. पुढच्या नोंदणीला ५ हजार रुपये. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही खूण येते. आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. डेहराडूनची जीप या व्याख्येत चपखल बसते.

अडचण पुढच्या कलमात आहे. हा दर्जा मिळालेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज गाड्यांची फेरी, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. म्हणजे ज्या कामाच्या खुणांमुळे ती मौल्यवान ठरली ते काम तिने त्या क्षणापासून बंद करायचे. लिचीच्या दोन पेट्या मंडईत नेल्या तरी नियमभंग. आपला कायदा जुनी गाडी दोनच रूपांत ओळखतो : एक भंगार, दुसरे प्रदर्शनातली वस्तू. तिसरे रूपही असते, जुनी आणि अजून कामावर असलेली गाडी. त्यासाठी स्वतंत्र रकाना नाही. असते ते पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करायचे नूतनीकरण. आणि वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी त्याचे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १० हजार रुपये झाले आहे.

‘मूळ स्थिती’ या कसोटीतही एक गोची आहे आणि ती व्हिंटेज फेऱ्यांच्या झगमगाटात सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कोणत्या गाड्या मूळ स्थितीत उरतात? ज्यांनी कमी काम केले त्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासे झाले तेव्हा ज्यांचे पोट जीपवर होते त्यांनी हरिकेन इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवले. खेडोपाडी प्रवासी वाहणाऱ्यांनी मागचा भाग लांबवला, पावसासाठी वर पत्र्याचे छत चढवले. डेहराडूनच्या बागेतली जीप वाचली, कारण तिचे खरे काम वर्षाला दोनच महिन्यांचे, मे-जूनमधल्या लिचीच्या हंगामापुरते होते, आणि मालकाला पेट्रोलचा खर्च सोसत होता. अस्सलपणाची आपली व्याख्या अशा रीतीने नकळत सुस्थितीतल्या मालकांच्या बाजूने झुकते.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण दार्जिलिंग जिल्ह्यात, नेपाळच्या सीमेवरच्या मानेभंज्यांग गावात सापडते. तिथून ३,६३६ मीटर उंचीवरच्या संदकफूला जाणाऱ्या सुमारे ३० किलोमीटरच्या चढावर १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर गाड्या कित्येक दशके प्रवासी, तांदूळ आणि गॅसची नळकांडी वाहत आल्या आहेत. ब्रिटिश चहामळेवाल्यांनी आणलेल्या आणि त्यांच्यामागे उरलेल्या या गाड्या. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये पोलादाचा तुटवडा होता म्हणून त्यांची अंगे ॲल्युमिनियमची केली गेली, आणि त्या योगायोगाने दार्जिलिंगच्या धुक्यापावसात त्या गंजून गेल्या नाहीत. त्यांतल्या अनेकांची इंजिने कधीच बदलली गेली. काही भाग इथल्या गाड्यांचे, काही गावातल्याच मिस्त्रींनी घडवलेले. प्रवासी वाहून पोट भरतात, म्हणून त्या व्हिंटेज नाहीत. इंजिन बदलले, म्हणूनही नाहीत. रस्त्याचा काही भाग सिमेंटचा झाला तशा नव्या बोलेरो गाड्याही वर येऊ लागल्या आणि लँड रोव्हरची संख्या घटत गेली. एखाद्या गावाने परक्या यंत्राला साठ-सत्तर वर्षे आपल्या अकलेने जिवंत ठेवले, हा तांत्रिक वारसा नव्हे तर काय? पण नोंदणीच्या कोणत्याही खान्यात तो मावत नाही.

इथे सावध राहायला हवे. ‘आमच्या मिस्त्रीची अक्कल’ या नावाखाली काहीही चालवून घेता येणार नाही. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचे मंडी डबवाली सुट्या भागांतून उघड्या जीप बांधण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या देखण्या असतात यात शंका नाही. पण एखाद्या लग्नाच्या वरातीत भरधाव सोडलेल्या अशा गाडीचे ब्रेक कुणी तपासले, हा प्रश्न विचारणे भागच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. इंजिन बदलायचे तर ते त्याच जातीचे हवे आणि तेही नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीने. सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्य आहे. प्रश्न उरतो तो त्यापूर्वीच्या, पन्नास वर्षांपूर्वी झालेल्या आणि तेव्हापासून निर्धोक चाललेल्या बदलांचा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, तो धुराचा. भारतात पेट्रोल गाड्यांसाठी उत्सर्जनाचे पहिले निकष १९९१ मध्ये आले. १९६४ च्या जीपला कोणताच निकष लागू नव्हता, आणि दर किलोमीटरमागे ती आजच्या बीएस-६ गाडीच्या कितीतरी पट विष ओकते. जुन्या गाडीच्या प्रेमात पडलेल्यांनी हे मान्य करूनच पुढे बोलावे. तरीही वय हे प्रदूषणाचे मोजमाप म्हणून किती ओबडधोबड आहे, हे दिल्लीने आपल्याला दाखवले आहे. दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना इंधन नाकारण्याचा प्रयोग सुरू झाला आणि काही दिवसांतच गुंडाळावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने अशा मालकांवर सक्तीची कारवाई नको म्हटले, आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. या उलटसुलट प्रवासाची दिशा मात्र बरोबर आहे : जन्मतारखेकडून इंजिनाच्या प्रतीकडे. त्यापुढची पायरी म्हणजे गाडी वर्षाला किती किलोमीटर धावते आणि कुठे धावते हे पाहणे. वर्षाला हजार किलोमीटरची मर्यादा, मोठ्या शहरांत प्रवेशबंदी, दरवर्षी ब्रेक आणि धुराची तपासणी, एवढ्या अटींवर कामातल्या जुन्या गाडीला परवाना द्यायला प्रशासनाला फार मोठी यंत्रणा लागणार नाही. किलोमीटरची नोंद विमा आणि प्रदूषण तपासणीच्या वेळी सहज घेता येते.

डेहराडूनच्या मालकाला हे सारे ठाऊक आहे. वय सत्तरीपुढचे. निम्मी बाग आधीच विकली गेली आहे. नूतनीकरणाची तारीख जवळ येत आहे आणि त्याआधी गाडी द्यावी, असे त्यांच्या मुलाचे म्हणणे. एक गिऱ्हाईक दिल्लीहून येऊन गेला. किंमत मान्य होती, पण बोलता बोलता त्याने गाडी लष्करी हिरव्या रंगात रंगवून बॉनेटवर पांढरा तारा काढण्याचा बेत सांगितला. त्यांनी दोन दिवसांनी कळवतो म्हटले आणि कळवले नाही. दुसरा व्हिंटेज नोंदणी करून गाडी आपल्या हॉटेलच्या दारात उभी करणार होता. मी विचारले, “मग तुम्हाला कोण हवा आहे?” ते म्हणाले, “साहेब, यंदाचा हंगाम तरी होऊ द्या.” मग त्यांनी बॉनेट उचलले आणि तेलाची पट्टी काढून धोतराच्या सोग्याला पुसली.