तवा, टेबल आणि ताटकळणारे गिऱ्हाईक

धुळे–सोलापूर महामार्गावरील मांजरसुंबा येथून केज आणि अंबाजोगाईकडे फुटणाऱ्या रस्त्यावर बीड तालुक्यातील नेकनूर हे आठवडी बाजाराचे गाव आहे. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी येणारे, अंबाजोगाईच्या योगेश्वरीला किंवा परळीच्या वैजनाथाला निघालेले भाविक याच टापूतून ये-जा करीत असल्यामुळे येथील रस्त्याकडेच्या नाश्त्याच्या हॉटेलांना दोन स्वभावांची गिऱ्हाइके सांभाळावी लागतात. बाजारकरी सकाळपासून एकेकटा किंवा दोघे-तिघे मिळून येत राहतो. यात्रेकरू मात्र जीप, टेम्पो किंवा बसमधून उतरतो आणि म्हणून पंधरा-वीस जणांच्या घोळक्यानेच दारात उभा राहतो. दिवसाकाठी दोघांची संख्या सारखी असली, तरी घोळक्याने येणाऱ्यांचे ताटकळणे अधिक असते, कारण विसाव्या माणसाची पाळी येण्याआधी एकोणीस जणांच्या बशा भरून जाव्या लागतात. रांगा कशा वाढतात आणि कशा ओसरतात याचा गणिताने विचार करणाऱ्या शास्त्राला, म्हणजे रांगशास्त्राला, हे समूह-आगमन फार पूर्वीपासून ठाऊक आहे. या शास्त्राचा आरंभ 1909 साली डेन्मार्कमधील गणिती आग्नर एर्लांग यांनी टेलिफोन केंद्रावर येणाऱ्या कॉलांच्या अभ्यासातून केला.

रस्त्यावरच्या हॉटेलाने या घोळक्याला दिलेले उत्तर त्याच्या पदार्थांतच सापडते. पोहे, भिजवून निथळलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेला मराठवाड्यातील सुशीला, मिसळीसाठी उकळत ठेवलेली उसळ आणि तिचा कट हे सारे आधीच तयार असते आणि वाढण्यापुरतेच काम उरते. थांबावे लागते ते भज्यांसाठी, कारण भजी घाण्यांनी तळली जातात. एका वेळी कढईत मावतील तेवढ्या भज्यांचा एक घाणा, आणि तो निघेपर्यंत पुढच्याला वाट पाहण्यावाचून इलाज नाही. तयार पदार्थ आणि मागणीनंतर करायचा पदार्थ हा भेद ज्याच्या ध्यानात आला, त्याला नाश्त्याच्या कोणत्याही नामांकित हॉटेलातील गैरसोयीचे मूळ शोधता येते. ठाण्याच्या मामलेदार मिसळीसारख्या ठिकाणी गर्दी दाट असूनही रांग सरकती राहते, याचे कारण मिसळ शिजवली जात नाही, ती जुळवली जाते.

इराणी कॅफे हे याच भेदाचे दुसरे टोक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणातील यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी मुंबईत आणि पुण्यात ही उपाहारगृहे काढली. धोबी तलावाजवळचे कयानी 1904 सालचे, तर पुण्यातील डेक्कनचे गुडलक 1935 सालचे. ब्रून, बनमस्का, मावा केक आणि चहा यांत अंडी सोडल्यास फारसे काही मागणीनंतर करावे लागत नाही. त्यामुळे तेथील अडचण भटारखान्यात, म्हणजे हॉटेलच्या स्वयंपाकघरात, उद्भवत नसे. ती टेबलाशी उद्भवे, कारण एका कपावर तासभर बसण्याची मुभा हाच त्या कॅफेचा लौकिक होता. गिरणी कामगार, विद्यार्थी आणि कारकून यांच्यासाठी ही मुभा मोलाची होती. आता याच ठिकाणी जुने शहर पाहायला आलेले पर्यटक छायाचित्रे घेत बसतात आणि दाराबाहेर तितकेच लोक उभे राहतात, तेव्हा त्या जुन्या औदार्यावर पडणारा ताण सहानुभूतीने समजून घेतला पाहिजे.

परंतु ताटकळण्याचा प्रश्न सर्वांत संपूर्ण रूपात दिसतो तो मुंबईत, माटुंग्याच्या किंग्ज सर्कल परिसरातील दाक्षिणात्य उपाहारगृहांत. 1896 च्या प्लेगनंतर 1898 साली स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर–माटुंगा भागाची आखीव वसाहत उभारली, तेथे दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेली कुटुंबे स्थिरावली आणि त्यांच्यामागोमाग उडुपी पद्धतीची हॉटेले आली. 1936 चे कॅफे म्हैसूर आणि 1940 चे कॅफे मद्रास ही त्यांतली ठळक नावे. कॅफे मद्रासच्या दारात सुट्टीच्या सकाळी फुटपाथवर गर्दी उभी असते. नाव आणि माणसांची संख्या नोंदवली जाते, पाळी आली की नाव पुकारले जाते, आणि आत दोघांना चार खुर्च्यांच्या टेबलावर अनोळखी दोघांसमोर बसावे लागते. नवख्या पर्यटकाला हे अवघडल्यासारखे वाटते. वास्तविक जागेचा इतका प्रामाणिक वापर दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने होणार नाही.

येथे इडली, शिरा आणि उपमा तयार असतात, फिल्टर कॉफीचा अर्क आधीच उतरवलेला असतो, पण डोसा मागणीनंतरच घातला जातो. तव्यापाशी उभे राहिल्यास वेळ कोठे जातो ते उघड दिसते. लोखंडी तव्यावर पाणी शिंपडले जाते, ते चरचरून उडते, हिरांच्या केरसुणीने तवा पुसला जातो, मग पीठ ओतून वाटीच्या बुडाने आतून बाहेर गोल फिरवले जाते. तवा प्रमाणाबाहेर तापलेला असेल तर पीठ वाटीलाच चिकटून ओढले जाते आणि डोसा फाटतो. तो पुरेसा तापलेला नसेल तर डोसा कुरकुरीत होत नाही. पाण्याचा तो शिडकावा तव्याचे तापमान खाली आणण्यासाठी असतो, आणि वरून कितीही हाकाटी झाली तरी डोसे घालणाऱ्या वस्तादाला तो टाळता येत नाही. तव्यावर एका वेळी जितके डोसे मावतात तितकेच निघणार, हे त्या हॉटेलच्या चालीचे बंधन आहे. चौघांच्या टेबलावर तिघांनी इडली आणि एकाने मसाला डोसा मागवला, तर तिघांचे खाणे आटोपूनही टेबल त्या एका डोशासाठी अडून राहते, आणि दोष मात्र ऑर्डर घेणाऱ्या वेटरच्या माथी येतो.

या गुंत्याचा हिशेब मांडण्यासाठी अमेरिकी अभ्यासक जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला एक साधा नियम पुरेसा आहे: एखाद्या ठिकाणी सरासरीने उपस्थित असलेल्यांची संख्या ही येणाऱ्यांचा वेग आणि प्रत्येकाच्या मुक्कामाचा काळ यांच्या गुणाकाराइतकी असते. समजा, 45 खुर्च्यांच्या हॉटेलात ताशी 90 माणसे येतात आणि प्रत्येक जण खुर्चीवर 30 मिनिटे असतो. तर 45 खुर्च्या सदैव भरलेल्या राहतील. बाहेर सरासरीने 15 जण उभे असतील तर प्रत्येकाची प्रतीक्षा 10 मिनिटांची ठरते. आता रविवारी येणारे ताशी 100 झाले, तर दर तासाला 10 माणसे जास्तीची साचतील आणि दोन तासांनी फुटपाथवरची संख्या 35 वर जाईल. पण खुर्चीवरचा मुक्काम 30 वरून 27 मिनिटांवर आला, तर त्याच 45 खुर्च्यांत ताशी 100 माणसे बसू शकतात. गर्दीच्या हॉटेलात तीन मिनिटांचे मोल इतके मोठे असते, आणि ही तीन मिनिटे खाणाऱ्याच्या घासातून काढण्याची गरज नाही. ती बहुधा खाणे संपल्यानंतर सापडतात: बिल मागून ते येईपर्यंत, सुट्टे पैसे मिळेपर्यंत, उष्ट्या बशा उचलून टेबल पुसले जाईपर्यंत. म्हणूनच टेबल पुसणाऱ्या माणसाला सर्वांत खालच्या पायरीवर ठेवणारा मालक स्वतःच्याच गल्ल्याचे नुकसान करतो. गर्दीच्या वेळी बाहेरच्यांची पाळी किती लवकर येते, हे बरेचसे त्याच्याच हातात असते.

ताटकळण्याला घड्याळाखेरीज मनाचीही बाजू आहे. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मायस्टर यांनी 1985 साली या विषयावर लिहिताना दाखवून दिले की रिकाम्या बसलेल्याला वेळ अधिक लांब वाटतो, किती थांबावे लागेल हे न कळल्यास तो आणखी लांबतो, आणि आपल्यावर अन्याय होत आहे असे वाटल्यास तो असह्य होतो. तिसरे निरीक्षण सर्वांत महत्त्वाचे मानले पाहिजे. कडक उन्हात अर्धा तास उभा राहिलेला माणूस तक्रार करीत नाही, पण आपल्यामागून आलेल्या ओळखीच्या कुटुंबाला मालकाने आत घेतलेले दिसले की तोच माणूस भांडायला उठतो. कागदावर नाव टिपणारा आणि ते सर्वांना ऐकू जाईल असे पुकारणारा माणूस या दृष्टीने मोठे काम करतो, कारण त्याच्यामुळे पाळी सर्वांसमोर उघडी राहते.

अलीकडे या उघड्या पाळीला तडा गेला आहे तो न दिसणाऱ्या रांगेमुळे. झोमॅटो 2008 साली सुरू झाली आणि स्विगी 2014 साली; या घरपोच सेवांवरून येणाऱ्या ऑर्डरी आणि दारातली पार्सले त्याच तव्यावर येतात, पण हॉलमध्ये बसलेल्याला त्या दिसत नाहीत. त्याला एवढेच दिसते की तव्यावरून डोसे उतरत आहेत आणि आपल्या टेबलावर मात्र एकही येत नाही. पार्सलसाठी वेगळा तवा ठेवणे किंवा रविवार सकाळच्या गर्दीत पार्सल बंद ठेवणे हे त्यावरचे उपाय आहेत. दुसऱ्या उपायाने गल्ला कमी होतो खरा, परंतु तासभर उभे राहून आत आलेल्या माणसाशी तो अधिक न्यायाचा आहे.

सेवेच्या तक्रारींचा शेवटचा भार नेहमी वाढणाऱ्यावर पडतो, म्हणून त्याच्या स्थितीकडे वळणे भाग आहे. ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी बिलात आपोआप सेवाशुल्क लावण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ती कायम केली. गिऱ्हाइकाच्या बाजूने हा निर्णय योग्यच आहे. पण त्यानंतर वेटरचे उत्पन्न बक्षिशीच्या लहरीवर न ठेवता पगारातच चोख देण्याची जबाबदारी मालकावर येते, आणि तिच्याविषयी फार थोडे बोलले जाते. रस्त्याकडेच्या हॉटेलांत पाण्याचे पेले आणून ठेवणारा ‘पोऱ्या’ हा तर दीर्घकाळ सेवेचा गृहीत भाग होता. 1986 च्या बालकामगार कायद्याखाली 10 ऑक्टोबर 2006 पासून धाबे, हॉटेले आणि चहाच्या टपऱ्यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली, आणि 2016 च्या दुरुस्तीने काही अपवाद वगळता ती सर्वच व्यवसायांना लागू झाली. त्या मुलाच्या जागी प्रौढ माणूस पुऱ्या पगारावर ठेवला की पेला दोन मिनिटे उशिरा येण्याची आणि बिल चार-पाच रुपयांनी वाढण्याची शक्यता असते, आणि कोणत्याही यात्रेकरूने किंवा पर्यटकाने ते दोन्ही विनातक्रार स्वीकारायला हवे.