गोळीच्या दशकात विसरलेला पंप

लिंगातल्या इम्प्लांटला रिमोट येतोय, अशा बातम्या हल्ली अधूनमधून येतात आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर विनोद सुटतात. परवा आमच्या गटात एका संध्याकाळी असे चार-पाच फिरले. गटातले निम्मे लोक डॉक्टर आहेत. मला ते फार लागलं. आरोग्याच्या पानासाठी लिहिताना ज्या जोडप्यांशी मी बोलले, त्यांची थट्टा चालली होती. म्हणून या उपचाराचा मागोवा घ्यावासा वाटला.

सुरुवातीची वर्षं भराभर सांगून टाकते. 1936 मध्ये निकोलाय बोगोराझ या रशियन शल्यचिकित्सकाने रुग्णाच्याच बरगडीची कूर्चा वापरून पाहिली. पुढे प्लास्टिकच्या कांड्या आल्या. मग 1973 मध्ये अमेरिकेत ब्रँटली स्कॉट, विल्यम ब्रॅडली आणि जेराल्ड टिम यांनी पाण्याच्या दाबावर चालणारं इम्प्लांट मांडलं. आजही चांगलं इम्प्लांट म्हणजे मुळात तेच: लिंगात दोन पोकळ नळ्या, पोटात मूत्राशयाजवळ सलाइनची पिशवी आणि अंडकोशात एक छोटा पंप.

तो नमुना एका युरॉलॉजिस्टांच्या टेबलावर मी हाताळून पाहिला आहे. पंप बोटांत धरून दाबला की पहिल्या दोन-तीन दाबांना काही घडतच नाही असं वाटतं. मग बोटांखाली विरोध वाढत जातो, नळ्या सरळ होतात आणि शेवटचे दाब चांगला जोर लावून द्यावे लागतात. सैल करायला वरची झडप दाबायची. ना बॅटरी, ना तार. बाहेरून काही दिसत नाही. इच्छा, स्पर्श, सुख हे सगळं ज्याचं त्याचं असतं, इम्प्लांट फक्त ताठरता देतं.

1973 नंतरच्या दोन दशकांत गळती कमी झाली, पंप सुधारले. शतक बदलताना अँटिबायोटिकचा लेप असलेल्या नळ्या आल्या आणि जंतुसंसर्ग बराच घटला. मुंबईत डॉ. रूपिन शहा यांनी वाकवता येणारं, पंपाविना चालणारं देशी इम्प्लांट तयार केलं. परदेशी इम्प्लांटची किंमत ऐकूनच परत फिरणाऱ्यांसाठी ती मोठीच गोष्ट होती. तिच्याबद्दल आपल्याकडे लिहिलं गेलं ते मात्र नगण्य.

त्याचं कारण गोळी. 27 मार्च 1998 रोजी अमेरिकेत व्हायग्राला मंजुरी मिळाली. नव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाच्या, म्हणजे सिल्डेनाफिलच्या, गोळ्या औषधांच्या दुकानांत आल्या आणि पुढची दहाएक वर्षं या विषयावर दुसरं काही बोलायची सोयच उरली नाही. गोळी वाईट नव्हती. लाखो घरांत तिने खरा आधार दिला. पण ती काम करते ती मज्जातंतूंकडून येणाऱ्या इशाऱ्याच्या भरवशावर. जुन्या मधुमेहाने ज्याचे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या पार बिघडल्यात, किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत ज्याचे ते तंतू गेलेत, त्याच्यापर्यंत तो इशाराच पोहोचत नाही. हे डॉक्टरांना ठाऊक होतं. तरी डोस वाढवायचा, ब्रँड बदलायचा, 'मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका' म्हणायचं, हेच मी ओपीडीमागून ओपीडीत ऐकलं.

त्या काळात सांगलीकडच्या एका शिक्षकांच्या पत्नी मला म्हणाल्या होत्या, "ताई, गोळी लागू पडत नाही याचा त्रास नाही हो एवढा. हे आता माझ्याशी बोलतच नाहीत. वेगळ्या खोलीत झोपतात." काही वर्षं गोळ्यांवर काढल्यावर त्यांना मुंबईत कुणीतरी इम्प्लांटचं नाव सांगितलं. तोवर त्यांच्या गावातल्या एकाही डॉक्टरने ते उच्चारलं नव्हतं.

माझा जुना राग माझ्याच व्यवसायावरही आहे. इम्प्लांटवर लिहिलेला माझा लेख एका दैनिकाने 'कुटुंबात वाचला जाणारा पेपर आहे' म्हणून परत केला. त्याच दैनिकात आतल्या पानावर 'खोयी हुई ताकद' परत मिळवून देणाऱ्या वैदूंच्या जाहिराती छापून येत होत्या, पैसे घेऊन. र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं, त्यापायी खटले अंगावर घेतले. त्यांच्या भाषेतल्या वर्तमानपत्राला 2003 साली लिंग हा शब्द झेपू नये, याची चीड अजून गेलेली नाही.

आणि आता रिमोट. त्याची गरज कुणाला आहे, हे हसणाऱ्यांनी ऐकावं. सांगलीकडच्या त्याच शिक्षकांना इम्प्लांटनंतर काही वर्षांनी अर्धांगाचा झटका आला. उजव्या हाताची बोटं वळेनात, पंप दाबायचा कसा? संधिवात, पार्किन्सन, मणक्याची इजा, नुसतं वय, या सगळ्यांत हीच अडचण. बोटांचं काम आत बसवलेल्या छोट्या मोटरने करावं आणि तिला बाहेरून बिनतारी आज्ञा द्यावी, ही कल्पना म्हणूनच मला मोलाची वाटते. विस्कॉन्सिन विद्यापीठात ब्रायन ले आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली. नायटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूला शरीराच्या तापमानाहून थोडी जास्त ऊब मिळाली की तो ठरवून दिलेल्या आकारात येतो. ती ऊब बाहेर धरलेल्या यंत्रातून चुंबकीय प्रवर्तनाने द्यायची, म्हणजे पंप आणि पिशवी दोन्ही नकोत. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या युरोमेम्स कंपनीने लघवी रोखणारी इलेक्ट्रॉनिक झडप 2022 मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली. लघवीची झडप बिनतारी होऊ शकते, तर याच भागातलं दुसरं इम्प्लांटही होईल.

पण या यंत्रांची किल्ली कुणाकडे राहणार? 2017 मध्ये अमेरिकेत अ‍ॅबटच्या सुमारे 4 लाख 65 हजार पेसमेकरना बाहेरून शिरकाव होऊ नये म्हणून सॉफ्टवेअर बदलावं लागलं. सेकंड साइट कंपनीचा कृत्रिम डोळा बसवलेल्यांचं तर त्याहून वाईट झालं. 2020 च्या सुमाराला कंपनी डबघाईला आली आणि डोळ्यातल्या यंत्राची दुरुस्ती करणारं कुणी उरलं नाही. साध्या पंपाची कंपनी उद्या बुडाली तरी अंडकोशातला पंप दाबता येतो. अ‍ॅपवर चालणाऱ्या इम्प्लांटचं अ‍ॅप बंद पडलं, तर सांगलीच्या माणसाने फोन कुणाला करायचा?

आज इथे परदेशी पंपालाच काही लाख मोजावे लागतात आणि विमा बहुतेकदा हात वर करतो. कॅन्सर काढायचा खर्च मंजूर होतो, त्या शस्त्रक्रियेने जे गेलं ते भरून द्यायचा होत नाही. उद्याच्या यंत्रात बॅटरी असेल, ती संपल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया लागेल, तिचं बिल कोण भरणार हे आत्ताच विचारायला हवं. शिवाय प्रत्येक बिनतारी इम्प्लांटला हाताने चालवायची सोय सक्तीची करा, आणि बसवण्याआधी कंपनीकडून सुट्या भागांची, दुरुस्तीची हमी लेखी घ्या. गोळीच्या दशकात रुग्णाला विचारल्याशिवाय सगळं ठरलं. या वेळी यंत्र बाजारात येण्याआधी त्याला आणि त्याच्या बायकोला समोर बसवून विचारा.