मदतीच्या पिशवीवरचा फोटो

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. रोहे, पेण परिसरात घरांचे पत्रे उडाले, आंब्याची झाडे मुळासकट आडवी झाली. काही दिवसांनी आमच्या गल्लीत धान्याच्या पिशव्या आल्या. शेजारच्या खालांनी विचारले, ‘भाई, ही पिशवी सरकारची की पक्षाची?’ मी गप्प राहिलो, कारण पिशवीवर नुसताच फोटो होता.

खालांचा प्रश्न मोलाचा होता. पक्षाची मदत म्हणजे देणगी, तर सरकारी मदत हा हक्क. तिचे दर ठरलेले असतात. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनामा करतात, यादी तहसील कचेरीत जाते आणि पैसे खात्यात जमा होतात. यात निवडणुकीचे राजकारण शिरते ते तीन ठिकाणी: दर, यादी आणि वाटप.

दराचे उदाहरण ‘निसर्ग’चेच घ्या. राज्य सरकारने फळबागांची भरपाई हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली. मतदारांचे ऐकून मंत्रिमंडळाने हात सैल सोडला, तर त्यात गैर काय? पण आमच्याकडची वाडी दहा गुंठ्यांची. तिच्या वाट्याला येतात जेमतेम पाच हजार.

यादी गावात होते. तिथे कार्यकर्त्याची ओळख कामी येते आणि ओळख नसलेली विधवा मागे राहते.

वाटपाचा किस्सा २०१९ चा. ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत महापूर आला, तर ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती. सरकारी धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांचे आणि स्थानिक आमदारांचे फोटो झळकले. त्यावर टीकेची झोड उठली.

दोष फक्त पुढाऱ्यांचा नाही. हीली आणि मल्होत्रा या अभ्यासकांनी २००९ मध्ये अमेरिकेतील निवडणुका तपासल्या. मतदार आपत्तीनंतरच्या मदतीचे बक्षीस देतात, आपत्ती टाळण्यावर केलेल्या खर्चाचे देत नाहीत, असे त्यांना आढळले. पेणच्या खारेपाटात उधाणाने बांधाला खांडी पडतात. खांड पडल्यावर येणारा पुढारी आपल्या लक्षात राहतो. बांध आधीच धरणाऱ्याला कोण विचारतो?

बेस्ली आणि बर्जेस यांनी २००२ मध्ये भारतातील राज्यांचा अभ्यास केला. जिथे वर्तमानपत्रे अधिक वाचली जातात, तिथे संकटात सरकार अधिक तत्परतेने हलते, असे त्यांनी दाखवले. म्हणजे वाचकहो, किल्ली आपल्याही हातात आहे. पिशवीवरचा फोटो राहू द्या. ग्रामपंचायतीच्या फलकावर यादी लागली का, तिच्यात शेजारणीचे नाव आहे का, एवढे पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)