वर्धेची काळी भारी जमीन

वर्धा नदीच्या खोऱ्यात, देवळी-हिंगणघाटच्या सखल भागात काळ्या मातीचा थर खोल असतो. चढावरची बरड जमीन मात्र उथळ आणि मुरमाड. दोन्हींचा मूळ खडक एकच, दख्खनचा काळा बेसाल्ट. पाण्याने बारीक कण वाहून आणले आणि ते खालच्या सपाटीवर साचले.

या मातीत चिकणकणांचे प्रमाण बहुधा निम्म्याहून अधिक असते. त्यांतले मुख्य खनिज स्मेक्टाइट. त्याच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, माती फुगते. उन्हाळ्यात ती आकसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. सुटी माती भेगांत पडत राहते, त्यामुळे जमीन आपोआप खालीवर होते. घरांच्या भिंती तडकतात त्याही याच हालचालीने.

काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय द्रव्य, हा समज चुकीचा आहे. ते येथे कमीच असते. नत्रही कमी, चुनखडी मात्र बरीच. खरी श्रीमंती ओलाव्याची. पाऊस थांबल्यावरही कापूस-तूर त्यावर तगतात. पण सततच्या पावसात निचरा होत नाही आणि शेत चिबडते. म्हणून वापसा साधूनच वखर घालावा. उताराला आडव्या सऱ्या काढाव्यात, जादा पाणी मात्र बाहेर जाऊ द्यावे.