कुत्रीच्या पोटाखालची गाठ

मालवणात खळ्यात लोळणाऱ्या कुत्रीचं डोकं सगळे थोपटतात, दुपारी उरलेलं कालवण-भातही घालतात. पोटाखाली हात घालायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. मग गाठ दिसते ती लिंबाएवढी झाल्यावर, चिऱ्याच्या पायरीला घासून रक्त यायला लागलं की.

किती आढळते?

नसबंदी न झालेल्या कुत्रीला होणाऱ्या सगळ्या गाठींत स्तनाच्या गाठीचा नंबर पहिला. स्वीडनमध्ये निरोगी कुत्रीची नसबंदी करायची फारशी पद्धत नव्हती. तिथल्या विम्याच्या नोंदींवरून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत शंभरातल्या साधारण १३ माद्यांना अशी गाठ झालेली दिसली. सहाव्या वर्षापर्यंत जेमतेम एकीला. म्हणजे हे उतारवयाचं दुखणं. ढोबळमानाने निम्म्या गाठी साध्या निघतात, निम्म्या कर्करोगाच्या. (मांजरीत मात्र बहुतेक गाठी कर्करोगाच्याच. तिथे वाट बघूच नये.)

का होते?

कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते. माज ओसरल्यावर पुढचे दोनेक महिने तिच्या अंगात प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं, पोटात पिल्लं असोत वा नसोत. म्हणूनच न व्यालेली कुत्रीही कधी कोपऱ्यात गोणपाट ओढून जागा करते, चपलेला पिल्लासारखं कुशीत घेते, तिच्या सडांना दूधही येतं. या संप्रेरकाच्या प्रभावाखाली स्तनाची ग्रंथी स्वतःच वाढीचं संप्रेरक तयार करते आणि पेशी वाढत राहतात. हे दर माजाला घडतं. पेशी जितक्या वेळा वाढणार, तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यता जास्त.

माज टाळण्यासाठी दिलेली इंजेक्शनंही प्रोजेस्टेरॉनच्याच जातीची असतात. त्यांनी गाठींचा धोका वाढतो, गर्भपिशवीत पू होण्याचाही. स्वस्त पडतात म्हणून ती घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘एक वेत तरी होऊ दे’

हा सल्ला आपल्याकडे घरोघरी मिळतो. एकदा व्याली की कुत्री गाठीपासून वाचते, याला पुरावा नाही. उलट तोवर एकदोन माज होऊन गेलेले असतात. १९६९ साली कॅलिफोर्नियात श्नायडर आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला: नसबंदी न केलेल्या कुत्रीचा कर्करोगाचा धोका १०० धरला, तर पहिल्या माजाआधी नसबंदी केल्यास तो ०.५, पहिल्यानंतर ८, दुसऱ्यानंतर २६. हे आकडे बहुतेक ठिकाणी चुकीचे वाचले जातात. ‘शंभरातल्या २६ कुत्र्यांना कर्करोग’ असा त्यांचा अर्थ नव्हे. २०१२ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी असे सगळे अभ्यास तपासून पुरावा वाटतो तेवढा भक्कम नसल्याचं म्हटलं. संप्रेरकांचा संबंध मात्र पक्का आहे. मोठ्या जातीच्या कुत्रीत फार लवकर नसबंदी केल्यास सांध्यांचा त्रास संभवतो, म्हणून वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी.

गाठ लागली तर

कुत्रीला सहसा सडांच्या पाच जोड्या असतात. मागच्या दोन जोड्यांत ग्रंथी मोठ्या, म्हणून गाठीही तिथेच जास्त. वाटाण्याएवढी गाठ लागली तरी डॉक्टरांना दाखवा. तीन सेंटिमीटरच्या आत, म्हणजे साधारण सुपारीएवढी असतानाच काढली तर निभावण्याची शक्यता बरीच चांगली. शस्त्रक्रियेआधी छातीचा एक्स-रे हवा, कारण हा कर्करोग बहुधा फुफ्फुसाकडे धावतो. जवळ सोय नसेल तर त्यासाठी कोल्हापूर किंवा गोवा गाठावं. काढलेली गाठ फेकू न देता तपासणीला पाठवायला सांगा. साधी की कर्करोगाची, हे हाताला कळत नाही. सडांभोवती लाल, गरम, दुखरी सूज पसरली असेल तर तो नुसता स्तनदाह समजून घरी हळद लावत बसू नका. कर्करोगाचा सगळ्यात वाईट प्रकार तसाच दिसतो.

तुमची कुत्री पाच वर्षांच्या पुढची असेल, तर आज संध्याकाळी भात घालून झाल्यावर तिला उताणी करा आणि मागच्या सडांपासून चाचपायला सुरुवात करा.