गाणी आणि पिक्चर, दोन्हीसाठी एकच सेट? आधी पुढचे दोन स्पीकर बघा

तिरोड्यातल्या दहा बाय बाराच्या हॉलला ५.१ होम थिएटर लागतंच असं नाही. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर. पण गाणी बहुतेक स्टिरिओच असतात, म्हणजे डावा-उजवा असे दोनच चॅनेल. तेवढ्याच पैशात सहा डबे घेतले की प्रत्येक डबा हलका मिळतो आणि गाणी ऐकताना त्यातले निम्मे शोभेला! त्यापेक्षा दोन दमदार स्पीकर घ्या, सबवूफर नंतर जोडता येतो. पिक्चरचे संवाद? टीव्हीचा आउटपुट स्टिरिओवर ठेवला की मधल्या चॅनेलचा आवाज दोन्हीकडे वाटला जातो. बरोबर मधोमध बसलात तर तो पडद्यातूनच येतोय असं वाटतं.

खोक्यावरचा पीएमपीओ आकडा सोडून द्या, आरएमएस बघा. आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो.

गोंदियाला दुकानात गेलात की दुकानदार धमाधम डीजेचं गाणं लावेल. तुम्ही 'सैराट' (२०१६) लावा. अजय-अतुलने त्यासाठी हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता. व्हायोलिन वेगळी ऐकू येतात का? मग कुजबुजीचा एखादा सीन, तोही कमी आवाजात.

घरी स्पीकर कानाच्या उंचीवर ठेवा, कोपऱ्यात कोंबू नका, बेस घुमतो. टाइल्सवर जाड सतरंजी टाका. टीव्हीला एचडीएमआय एआरसीची वायर लावा. ब्लूटूथवर कधी कधी ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.