रिकामी गाडी का आदळते?

वैजापूरला कांदा घेऊन येणारी जुनी फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप संथ डोलते. तीच रिकामी परतताना हाडे खिळखिळी करते. असे का?

मागचे पाटे पूर्ण भाराच्या हिशेबाने कडक केलेले असतात. आपण एक उदाहरण घेऊ. रिकाम्या गाडीच्या वजनाने पाटे 4 सेंमी दबले, तर गाडी सेकंदाला सुमारे 2.5 वेळा वरखाली होते. भाराने 9 सेंमी दबले, तर सुमारे 1.7 वेळा. त्यात जुने पाटे गंजले की एकमेकांवर सरकत नाहीत. मग लहान खड्ड्यांत स्प्रिंगचे काम एकट्या टायरवर येते आणि कंपने आणखी जलद होतात. बसलेल्या माणसाला सेकंदाला 4 ते 8 कंपने सर्वाधिक जाचतात.

म्हणून काहीजण एखादा पाटा काढून टाकतात. तसे करू नये. भरल्या गाडीत उरलेले पाटे तुटू शकतात. त्याऐवजी पाटे खोलून गंज काढावा, झिजलेले बुश बदलावेत. डोलण्याची ऊर्जा उष्णतेत बदलणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी असतील तर नवे घालावेत.

वर्गात आपण स्प्रिंगला आधी एक, मग तशीच चार वजने टांगू आणि दहा आंदोलनांचा वेळ मोजू. तो जवळजवळ दुप्पट भरेल. भरलेल्या गाडीच्या संथ डोलण्याचे कारण मुलांना तिथेच सापडेल.